घंटी दाबणारा

चौकातल्या चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला एक काळा पडदा आहे. त्या पडद्याआड खुर्चीवर बसवून तुमच्या नाकावर एक जड चौकट चढवतात आणि तिच्यात एकामागून एक काचा घालून बघतात. ते काम करणारा माणूस म्हणजे घंटी. मालक त्याला घंटी म्हणायचा, गिऱ्हाइकांची पोरं घंटीकाका म्हणायची, आणि खरं नाव विचारलं तर तो म्हणायचा, "ते बँकेत लागतं." हे नाव त्याला कॉलेजात पडलं होतं. लोक कॉलेजातली असली नावं मागं टाकून पुढं जातात. यानं ते जपून ठेवलं आणि त्यामागची गोष्ट भेटेल त्याला सांगितली. न विचारता सांगितली, आणि त्याचं एकदा सांगून कधी भागलं नाही.

त्या गोष्टीकडे येऊच, पण आधी त्याची काम करायची तऱ्हा बघा. "हे बरं दिसतं, का आधीचं बरं होतं?" असं विचारल्यावर माणसानं जरा थांबावं की नाही? हा थांबायचा नाही. गिऱ्हाईक डोळे बारीक करून शेवटच्या ओळीतलं अक्षर लागतंय का ते बघत असायचं, तेवढ्यात यानं काच बदललेली असायची. "आधीचीच बरी वाटली तुम्हाला." "अहो, मी अजून बोललोच नाही." "तोंड बोललं ना तुमचं." आणि गंमत अशी की गिऱ्हाइकाला ते पटायचं. एवढ्या खात्रीनं कुणी आपलं मन सांगितलं की तेच आपलं मन असं वाटायला लागतं. त्यातली काही मंडळी पंधरवड्यात डोकं धरून परत यायची, चष्मा घातला की गरगरतं म्हणून. पण अशी मंडळी कुठल्या दुकानात येत नाहीत? पुढं मालकानं यंत्र आणलं. हनुवटी टेकवली की नंबर छापून बाहेर. तरी मालक भला माणूस होता. "आता एकदा घंटीकडून खात्री करून घ्या," असं म्हणून तो गिऱ्हाइकाला पडद्याआड पाठवायचा, आणि चष्मा मात्र यंत्राच्या नंबराचाच करायचा. घंटीला याचा पत्ता नव्हता.

बायकोला त्याच्या या विद्येचं कवडीचं कौतुक नव्हतं. "जगाची तोंडं वाचत सुटलाय," ती म्हणायची, "काल दिवसभर माझं डोकं फुटत होतं, ते कुठं वाचलंस?"

"तू सांगितलं नाहीस."

"घ्या. सांगितल्यावर तर आंधळ्यालाही कळतं." आणि ती हसायची. तोही हसायचा, आणि मनातून त्याला ते लागायचं नाही, कारण त्याच्याजवळ पुरावा होता. तो पुरावा म्हणजेच ती गोष्ट.

कॉलेजात प्रश्नमंजुषेचं एक मंडळ होतं. रसायनशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत, फुटक्या बाटल्या आणि मोडक्या स्टुलांच्या मधे ही मंडळी जमायची. त्यात एक मुलगी होती, तिला सगळे नकाशा म्हणायचे. कुठली नदी कुठून निघते आणि कुठल्या समुद्राला मिळते, कुठल्या देशाला किनारा नाही, हे तिला झोपेतून उठवून विचारावं. दुसरा होता सनावळी. राजे कधी जन्मले, कधी मेले आणि मधे किती वर्षं भांडले, ते सगळं त्याच्या तोंडावर. तिसरा गडी स्पर्धेच्या तोंडावर कॉलेज सोडून गेला आणि संघाला तर तिघं लागतात, तेव्हा घोडं अडलं. त्याच दिवसांत मंडळाची घंटी बिघडली. घंटी म्हणजे काय, दारावरच्या बेलचं बटण एका फळीवर ठोकलेलं. पहिल्या वर्षातला एक अबोल मुलगा ती दुरुस्त करायला आला. होस्टेलात त्याच्याशी कुणी बोलत नसे, परीक्षेत तो गटांगळ्या खात होता, आणि सामान बांधून घरी जायचं त्याचं जवळजवळ ठरलंच होतं. विजेच्या कामात मात्र हात बरा होता. त्यानं तार जोडली, बटण दाबून बघितलं, घंटी वाजली.

नकाशा म्हणाली, "तूच बस ना तिसरा."

"मला काही येत नाही."

"मग दाबत जा. उत्तरं आम्ही देऊ."

इथं एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जो संघ आधी घंटी दाबेल, उत्तर त्यानं द्यायचं. प्रश्न अर्धा झालेला असो नाहीतर पाव, घंटी वाजली की विचारणारा तिथंच थांबतो. मग लगेच उत्तर द्यावं लागतं, आणि चुकलं तर गुण कापले जातात. म्हणजे दाबणाऱ्याला दोन गोष्टी साधाव्या लागतात. आपल्या माणसाला उत्तर येतंय हे त्याला कळलं पाहिजे, आणि शेजारच्या संघाच्या आधी कळलं पाहिजे. घंटीला ते कळायचं. नकाशाला उत्तर सुचलं की तिच्या डाव्या भुवईचं टोक एवढंसं हलायचं. सनावळी खालचा ओठ आत ओढायचा. त्यांना स्वतःला कळायच्या आत मला कळायचं, असं घंटी सांगायचा. आणि मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या प्रश्नाला, दोन्ही संघ बरोबरीत असताना, प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी नुसतं "असं कोणतं शहर" एवढंच म्हटलं आणि यानं दाबली. सभागृहात कुजबुज उठली. नकाशानं याच्याकडे बघितलं, समोर बघितलं आणि म्हणाली, "इस्तंबूल." त्या गृहस्थांनी हातातला कागद खाली ठेवला आणि उरलेला प्रश्न वाचला, "जे दोन खंडांवर वसलं आहे." त्यानंतर जो गलका झाला तो घंटीच्या कानात जन्मभर राहिला.

कॉलेजात तो टिकला तो या दोघांमुळे. जेवायला त्यांच्या बाजूला जागा असायची, अभ्यासाला सनावळीची खोली असायची, आणि जाता येता लोक म्हणायचे, "तो बघ, तो नुसतं तोंड बघून ओळखतो." एवढं पुरतं माणसाला. निरोप समारंभात त्यानं दोघांचे आभार मानायचं ठरवलं होतं. चार वाक्यं पाठ करून गेला होता. पण मंडळाचे सर बोलायला उभे राहिले ते बसेचनात, आणि शेवटी शिपायानं पंखे बंद केले तेव्हा सगळे उठले. राहून गेलं ते राहूनच गेलं.

"मग आता जाऊन सांग की," बायको म्हणायची. "दोन गल्ल्या ओलांडल्या की नकाशाचं घर."

"असं मधेच उठून कसं सांगणार? काहीतरी निमित्त हवं."

निमित्ताची वाट बघता बघता सगळ्यांचे केस पिकले. नकाशा शाळेत भूगोल शिकवत राहिली. नवरा लवकर गेला, एक मुलगी होती. सनावळी शेजारच्या गावी विमा कचेरीत लागला. भेटी व्हायच्या, चहा व्हायचा, जुन्या प्रश्नांवर हसणं व्हायचं. आभाराचं तेवढं तोंडाशी येऊन मागं जायचं.

आणि मग एका सकाळी नकाशा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कोसळली. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, "बोलणं गेलंय हे नक्की. समजणं किती राहिलंय, ते आम्हालाही सांगता यायचं नाही." डावा हात हलायचा, पण सांगितलेलं करायचा नाही. हो म्हणायला डोळे मिटा म्हटलं तर ते कधीही मिटायचे.

दुपारी दुकान बंद असतं. घंटी रोज दुपारी तिच्याकडे जायला लागला. खिडकीशी पलंग, पलंगाशी खुर्ची, भिंतीवर शाळेनं निरोपाला दिलेला जगाचा नकाशा. पहिल्याच आठवड्यात तो खुर्चीतून ताडकन उठला आणि स्वयंपाकघरात मुलीला म्हणाला, "तिला उशी उंच हवीय." मुलगी धावत आली. उशी उंच केली, आणि आईचा श्वास मोकळा झाल्यासारखा वाटला. मुलगी तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली.

"काका, तुम्हाला कसं कळलं?"

"अग, मी घंटी आहे. हिच्या भुवईवर माझं सगळं कॉलेज गेलंय."

त्या दिवसापासून त्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. मुलगी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत पाळीनं कामाला जायची. दुपारी घरी असली की म्हणायची, "काका, विचारा ना तिला, निळा गाऊन घालू का पांढरा?" घंटी नकाशाच्या तोंडाकडे बघायचा, क्षणभरही घ्यायचा नाही. "निळा." "आणि पेज नको म्हणते का?" "मीठ कमी आहे म्हणते." मुलगी हसायची, मीठ घालायची. आई आहे, ती फक्त एका माणसामार्फत बोलते, एवढंच. मुलीच्या जिवाला केवढा आधार झाला त्याचा. घंटीची तर छाती फुगली होती. जन्मभर ज्याची शेखी मिरवली, ते शेवटी कुणाच्या तरी कामाला आलं. आभार मानायचं निमित्तही आता मिळालं असतं, पण त्यानं मनाशी ठरवलं, आता नको. आभार मानले तर समोरच्यानं "गप रे, आला मोठा" असं म्हणायला हवं. ती बोलायला लागली की सांगू.

कारण ती बोलायला लागण्याची शक्यता होती. स्पीच थेरपीच्या बाई महिन्यातून दोनदा घरी यायच्या. शांत, कमी बोलणाऱ्या, पायातल्या चपला जोडीनं नीट लावून आत येणाऱ्या. त्या म्हणायच्या, "समजत असेल तर बोलणं शिकवता येतं. हळूहळू येतं, पण येतं. समजतच नसेल तर मी काय शिकवणार?" त्या जिथं काम करायच्या तिथली इमारत दोन मजल्यांची होती. वरच्या मजल्यावर बोलायला शिकवायचे. तिथं आरसे होते, चित्रं होती, दिवसभर कुणी ना कुणी अक्षरं घोकत असायचं. खालच्या मजल्यावर फक्त सांभाळायचे. कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं, पडदा ओढायचा. दिवसा आईपाशी बसणारी शेजारीण गाव सोडून चालली होती आणि मुलीची नोकरी सुटली असती तर दोघींनी खाल्लं काय असतं? तेव्हा नकाशाला तिथं न्यायचं हे नक्की झालं. प्रश्न एवढाच उरला की वर न्यायचं की खाली.

"खाली गेलेलं माणूस वर येतं का हो?" मुलीनं विचारलं होतं.

"मी बघितलेलं नाही," बाई म्हणाल्या.

मग घंटी म्हणाला, "मी आहे ना. तुम्ही विचारा तिला काय हवं ते, मी सांगतो." बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पुढच्या खेपेला एकदा नीट बघू या."

त्या दिवशी घंटीनं सनावळीलाही बोलावून घेतलं. "ये रे, आपला संघ पुन्हा बसतोय." सनावळी दोन बस बदलून आला, काठी टेकत. नकाशाच्या पलंगाशी उभा राहून त्यानं तिचा डावा हात धरला. घंटीनं दाढी करून, दुकानात घालायचा चांगला शर्ट घातला होता. उत्साह मावत नव्हता.

बाईंनी काय करायचं ते सांगितलं. साधी गोष्ट होती. मुलीच्या फोनला लावायचे मोठे इअरफोन घंटीच्या कानावर चढवायचे आणि त्यात गाणं मोठ्यानं लावायचं, म्हणजे त्याला खोलीतलं काही ऐकू येणार नाही. त्यानं पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून फक्त नकाशाचं तोंड बघायचं. बाई उशाशी, त्याला पाठमोऱ्या उभ्या राहून नकाशाला प्रश्न विचारणार, सगळे हो किंवा नाहीचे. नकाशाचं उत्तर हो असेल तर घंटीनं उजवा हात वर करायचा, नाही असेल तर डावा.

"हा तर आमचाच खेळ," घंटी म्हणाला. "विचारा."

गाणं सुरू झालं. बाईंची मान जराशी हलायची, तेवढ्यावरून प्रश्न सुरू झाला हे त्याला कळायचं. तो नकाशाच्या भुवईकडे बघत होता. हलली. उजवा हात. मग नाही, आता तोंडाचा कोपरा खाली, हे नकाराचं. डावा हात. पुन्हा उजवा. त्याला आता घाम फुटला होता, पण तो आनंदाचा. इतक्या वर्षांनी हात तसाच चालत होता. एकदाही त्याला शंका आली नाही. शेवटी बाईंनी वळून हात वर केला, त्यानं कानावरचं उतरवलं आणि हसून विचारलं, "झाली ना पास?"

मुलगी दाराला धरून उभी होती. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला वाटलं, आनंदानं हिला रडू येतंय.

"काका," मुलगी म्हणाली, "बाईंनी आईला विचारलं, तुम्ही पुरुष आहात का. तिच्या वतीनं तुम्ही हो म्हणालात."

"म्हणजे?"

"आईला विचारलं, तुम्हाला मुलगी आहे का. तुम्ही नाही म्हणालात." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

बाईंनी काही लपवलं नाही आणि काही लावूनही धरलं नाही. म्हणाल्या, "जवळजवळ निम्मी बरोबर आली, निम्मी चूक. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती." मग त्या नकाशाच्या अंगावरची चादर सारखी करून, खाली जागा कधी मिळेल ते बघते म्हणून निघाल्या.

घंटी जिन्यात येऊन पायरीवर बसला. आपल्यामुळे नकाशा खाली चालली, एवढं एकच त्याच्या डोक्यात फिरत होतं. सनावळी काठी सावरत त्याच्या शेजारी बसला.

"माझं काहीतरी बिनसलं रे," घंटी म्हणाला. "कॉलेजात असं कधी झालं नाही. आता वय झालं. नाहीतर भुवई हलली हे मी स्वतः बघितलं."

"घंट्या," सनावळी म्हणाला, "तू कॉलेजातही असाच दाबायचास."

"म्हणजे?"

"अरे, कुठं आम्हाला उत्तर यायचं? तू दाबायचास तेव्हा प्रश्न काय आहे हेच अजून कळलेलं नसायचं. पहिल्या सरावाला तू इतक्या वेळा दाबलीस की मी चिडलो, म्हटलं याला काढू. तर ही म्हणाली, काढलं तर तो घरी जाईल, त्याचं सामान बांधलेलंच आहे. मग आम्ही ठरवलं. यानं दाबली की दोघांपैकी एकानं तोंड उघडायचंच. येवो न येवो. तुझ्या दाबण्याच्या भीतीनं आम्ही किती वाचायला लागलो म्हणतोस. पानंच्या पानं. अर्ध्या शब्दावरून पुढचा प्रश्न काय असेल त्याचा अंदाज बांधायचा, हा सराव आम्ही तुझ्या पाठीमागं करायचो."

"आणि इस्तंबूल?"

"कुठलं काय. 'असं कोणतं शहर' म्हटल्यावर काय काय असू शकतं, तूच सांग. तिनं जे पहिलं तोंडाला आलं ते सांगितलं. बक्षीस घेऊन खाली उतरली आणि मागच्या खोलीत जाऊन ओकली, भीतीनं. मला म्हणाली, याला कधी सांगायचं नाही. मी नसतं सांगितलं रे. पण तू आता स्वतःला खात बसशील, म्हणून सांगितलं. तुझं काही बिनसलेलं नाही. तुला ते कधी येतच नव्हतं."

बघा, माणूस समजूत घालायला जातो आणि काय हातात देतो. घंटीला एकदम काहीच वाटलं नाही. मग त्याला ती अडगळीची खोली आठवली, आपण दाबल्यावर त्या दोघांनी एकमेकांकडे टाकलेली नजर आठवली. ती नजर तो कौतुकाची समजत आला होता. दुकानातल्या मालकाचं "एकदा घंटीकडून खात्री करून घ्या" हेही आठवलं, आणि तेही काय असेल ते लख्ख दिसलं. लाजेनं त्याचं सगळं अंग तापलं. पण त्या लाजेतून दुसराच एक विचार डोकं वर काढून आला, आणि तो कठडा धरून उठला.

"अरे, मग बरंच झालं की."

"काय बरं झालं?"

"मला वाचता येत नाही, तर चुकलो मी. ती कुठं चुकली? तिला सगळं समजत असेल, मलाच दिसत नसेल. माझ्या चुकीवर तिला खाली का घालायचं?" आणि तो त्या वयात दोन दोन पायऱ्या उतरत रस्त्यावर धावला.

बाई फाटकाशी स्कूटर काढत होत्या. घंटीनं धापा टाकत सगळं सांगितलं. कॉलेज, घंटी, भुवई, इस्तंबूल, काही म्हणजे काही ठेवलं नाही. मी अडाणी आहे म्हणाला, मला कधीच काही कळत नव्हतं म्हणाला, हे दोघं माझी लाज राखत होते. आयुष्यात पहिल्यांदा तो आपल्याला काही येत नाही हे पटवून देण्यासाठी जिवाचं रान करत होता. "माझी उत्तरं सोडून द्या. धरूच नका ती. मग तर तिला वर नेता येईल ना?"

बाईंनी स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली. मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, तुमची उत्तरं चुकली म्हणून मी त्यांना खाली नेत नाहीये. माझ्या तपासण्यांत काहीच आलं नव्हतं. मी तर पहिल्याच महिन्यात खाली म्हणून सांगणार होते. घरातलं कुणीतरी इतक्या खात्रीनं सांगतंय, मग असेलही काही, म्हणून मी इतके दिवस थांबले. तुमची उत्तरं सोडून दिली तर माझ्या हातात काही उरतच नाही."

"म्हणजे तिला समजत नाही?"

"असेलही समजत. कुणाला सांगता येणार नाही. वर जागा थोड्या आहेत, आणि रांग मोठी आहे." त्यांनी स्कूटर सुरू केली आणि त्या गेल्या.

घंटी वर आला तेव्हा सनावळी जिन्यातच बसून होता. घंटी त्याच्यासमोर उभा राहिला. "तुझेही आभार मानायचे होते," तो म्हणाला. "पण ज्यासाठी मानणार होतो ते तर निघालंच नाही. वेगळंच निघालं, आणि ते केवढं मोठं."

"गप रे," सनावळी म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

आत मुलीनं कपाट उघडून पलंगाच्या पायथ्याशी गाऊन काढून ठेवले होते. खालच्या मजल्यावर पाठीमागून उघडणारेच कपडे लागतात, म्हणून ती कात्री घेऊन गाऊन पाठीमागून उभे कापत होती आणि कडांना बंद लावत होती. निळा कापून झाला होता. घंटी खुर्ची ओढून नकाशाच्या जवळ बसला आणि त्यानं तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. बोलायला लागल्यावर सांगू, असं म्हणायला आता जागा नव्हती. मुलगी कापड घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

"नकाशा," तो म्हणाला, "सनावळीनं आज सगळं सांगितलं मला. तू सांगू नको म्हणाली होतीस, त्याच्यावर चिडू नको. मी आपला समजत होतो की मी तुम्हाला जिंकून देत होतो. तुम्ही माझ्या मूर्खपणामागं धावत होता. मी घरी गेलो असतो ग. दारावरच्या घंट्या दुरुस्त करत बसलो असतो, आणि आपल्याला काही येत नाही हे रोज मला लोकांनी सांगितलं असतं. तू ते मला कळू दिलं नाहीस. मी ताठ मानेनं जगलो, लग्न केलं, दुकानात दहा माणसांत बोललो, ते सगळं तुझ्या जिवावर. आणि तुझी वेळ आली तेव्हा मी काय केलं तर उशी उंच हवी म्हणून सांगत बसलो. तुला ती खालीच हवी असेल कदाचित. तुला मीठ नको असेल. किती महिने मी तुझ्या तोंडून माझंच बोलत होतो. मला माफ कर. आणि तुझे फार उपकार आहेत माझ्यावर. हे एवढं म्हणायला माझा जन्म गेला बघ."

नकाशा खिडकीकडे बघत होती. तिच्या डाव्या भुवईचं टोक हललं. मग पुन्हा हललं. ते बघून त्याच्या अंगात जुन्यासारखी लहर आली आणि तिथंच थांबली. ती हो म्हणत असेल. तिच्या डोळ्यावर उजेड येत असेल. पडदा ओढावा का, हेही त्याला ठरवता येईना. तो ओठ घट्ट मिटून बसून राहिला.

मुलगी केव्हा दारात येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही. हातात निळा गाऊन तसाच होता. "काका," तिनं हळूच विचारलं, "ती काही म्हणाली का?"

तिनं मघाचं सगळं डोळ्यांनी बघितलं होतं आणि तरी ती विचारत होती. घंटीनं मान वर केली. हो म्हणावं, असं त्याच्या अगदी जिभेवर आलं. पण हो म्हटलं तर ही पोर उद्या काय करेल? सगळं समजणाऱ्या आईला आपल्या हातानं खालच्या मजल्यावर ठेवून येईल, आणि नंतर प्रयोगशाळेत बसून, घरी येऊन, ताटावर बसून, आयुष्यभर तेच उगाळत राहील. त्याला तिच्या तोंडावरचं काही वाचता आलं नाही. पण एवढं कळायला तोंड वाचावं लागत नव्हतं.

"नाही ग," तो म्हणाला. "तिला काही कळत नाही."

"नक्की?"

"नक्की. काही म्हणजे काही कळत नाही तिला. तू जिवाला लावून घेऊ नको."

मुलगी दारातच खाली बसली आणि गाऊनमधे तोंड घालून रडली. मग थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं, सुई ओवली आणि पुढचा बंद लावायला घेतला. घंटी जागेवरून उठला नाही. तिला काही कळत नाही, हे तो नकाशाच्या उशाशी, तिला ऐकू जाईल एवढ्या जवळ बसून, तिचा हात हातात धरून बोलला होता, आणि बोलताना त्यानं एकदाही तिच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं.